मदत हवी आहे : दीर्घिकेतला दंड सरळ कसा राहतो?

वाटसरू :
दंडयुक्त सर्पिल दीर्घिकांवर (म्हणजे मधोमध ताऱ्यांचा लांबट सरळ पट्टा, अर्थात दंड, आणि बाहेर वळणदार भुजा असलेल्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांवर) टिपण लिहिताना मी एकाच जागी अडकलो आहे. गाभ्याजवळच्या ताऱ्यांची प्रदक्षिणा लवकर पूर्ण होते आणि दूरच्यांना जास्त वेळ लागतो, तर मधला दंड केव्हाच गुंडाळला जायला हवा होता; तो सरळ कसा? शिवाय छायाचित्रातल्या दोन काळ्या रेघा कशाच्या? टिपण उद्या द्यायचे आहे, कृपया लवकर सांगावे.

मघा :
छायाचित्र कोणत्या दीर्घिकेचे, हे आपण लिहिलेलेच नाही.

निरीक्षक :
मधला भाग घन चकतीसारखा एकसंध फिरतो, म्हणून दंड वाकत नाही. इतकेच उत्तर पुरेसे आहे.

मघा :
हे मला पटत नाही. तशी गती अगदी आतल्या भागापुरतीच असते आणि दंड त्याच्या बराच बाहेर पोहोचतो. दंड म्हणजे त्याच त्या ताऱ्यांची बांधलेली मोळी नव्हे. तारे लांबट कक्षांतून फिरतात, त्या कक्षांचे लांब अक्ष एका रेषेत आलेले असतात आणि परस्परांच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्या एकत्रच वळत राहतात. दंडाची आकृती सावकाश फिरते, तिच्यातले तारे मात्र तिच्याहून जलद प्रदक्षिणा करतात.

ध्रुव :
आपल्या आकाशगंगेतही दंड आहे. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या अवरक्त निरीक्षणांवरून २००५ साली त्याची लांबी सुमारे २७,००० प्रकाशवर्षे सांगितली गेली. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांच्या दीर्घिकांच्या वर्गीकरणात अशा दीर्घिकांना ‘एसबी’ म्हणतात.

वाटसरू :
वर्गीकरण मी विचारलेले नव्हते. छायाचित्र एनजीसी १३०० या दंडयुक्त दीर्घिकेचे, हबल अवकाश दुर्बिणीने घेतलेले आहे. कक्षांचे समजले, रेघांचे राहिले.

मघा :
त्या धुळीच्या रेघा आहेत. तारे क्वचितच एकमेकांवर आदळतात, पण वायूचे ढग आदळतात. दंडाच्या पुढच्या कडेला वायू दाबला जातो, त्याचा कोनीय संवेग (केंद्राभोवती फिरत राहण्याचा जोर) घटतो आणि तो धुळीसह गाभ्याकडे ओघळतो. एनजीसी १३०० च्या गाभ्यात तर सुमारे ३,३०० प्रकाशवर्षे रुंदीची आणखी एक लहान सर्पिल रचना आहे. छायाचित्र मोठे करून ती अवश्य पाहावी, मला ती साऱ्या दीर्घिकेहून सुंदर वाटते.

निरीक्षक :
घन चकतीचा मुद्दा मी मागे घेतो. मात्र भुजा दंडाच्या टोकांपासून निघतात, हे टिपणात यायलाच हवे.

वाटसरू :
रेघा पुढच्या कडेला असतील, तर त्यावरून फिरण्याची दिशाही ओळखता येईल का?

मघा :
होय. भुजांची टोके सहसा गतीच्या उलट दिशेला मागे रेललेली असतात. दोन्ही खुणा जुळतात का, ते त्याच छायाचित्रात पडताळून पाहावे.