एफ्टेलिंगचा पंचाहत्तरावा वाढदिवस डच चाहत्यांसोबत साजरा करायचा आहे, मार्गदर्शन हवे

आइंडहोवनवासी:

नमस्कार मंडळी.

आम्ही काही वर्षांपासून नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहतो. माझ्या कार्यालयात एफ्टेलिंगच्या निस्सीम चाहत्यांचा एक छोटा गट आहे. कात्सह्यूवेल गावचे हे परीकथांचे मनोरंजन उद्यान ३१ मे १९५२ रोजी सुरू झाले, त्यामुळे ३१ मे २०२७ रोजी त्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी दारे उघडण्याच्या आधीच प्रवेशद्वारापाशी जमायचे आणि उद्यान बंद होईपर्यंत सोबत राहायचे, असा या मंडळींचा बेत आहे. त्यांनी मलाही आग्रहाने बोलावले आहे. लहानपणापासून ज्यांनी या जागेवर जीव लावला, त्यांच्यासोबत तिचा वाढदिवस अनुभवायला मिळणे मला फार मोलाचे वाटते.

मात्र काही शंका आहेत. माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि सासूबाई व सासरे त्या सुमारास नाशिकहून आमच्याकडे येणार आहेत. सगळ्यांना त्याच दिवशी घेऊन जावे का? आम्ही एकदाच तिथे गेलो होतो आणि बहुतेक वेळ रोलर कोस्टरच्या रांगांमध्ये गेला, त्यामुळे चाहत्यांच्या बोलण्यात येणाऱ्या बऱ्याच गोष्टी मला ठाऊक नाहीत. त्यांच्यासोबत जाण्यापूर्वी काय जाणून घ्यावे? सासूबाई अंडेही खात नाहीत, तेव्हा खाण्यापिण्याविषयीही सांगावे.

टिलबर्गकर:

सर्वांत आधी दिनदर्शिका पाहा. ३१ मे २०२७ हा सोमवार आहे. शाळांची मे महिन्यातली सुट्टी तोवर संपलेली असते आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सुट्टीचा सोमवारही १७ मे रोजीच होऊन जातो. नेदरलँड्समध्ये पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला शिक्षणसक्ती लागू होते. सुट्ट्यांव्यतिरिक्त रजा हवी असेल, तर घरातले लग्न किंवा धार्मिक सण असे मान्य कारण असावे लागते. उद्यानाचा वाढदिवस त्यात बसत नाही आणि विनापरवानगी शाळा बुडवल्यास पालकांना दंड होऊ शकतो. आजारी असल्याचे खोटे कारण कळवण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नका.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की सोमवारी तुम्ही एकट्याच सहकाऱ्यांसोबत जावे आणि मुलीला व वडीलधाऱ्यांना घेऊन आदल्या शनिवारी किंवा रविवारी वेगळी फेरी करावी. हा उपाय शाळेमुळे सुचवावा लागला असला, तरी शाळा नसती तरीही मी हेच सांगितले असते. चाहते एकेका कोपऱ्यात अर्धा-अर्धा तास उभे राहतात. सहा वर्षांच्या मुलीची भूक आणि झोप त्यांच्या वेळापत्रकात बसवायला गेलात, तर दोन्हीकडे ओढाताण होईल आणि तुम्हाला ना मुलीचा आनंद पाहता येईल ना मित्रांचा.

तिकीट तारीख निवडून आधीच ऑनलाइन घ्या. आइंडहोवनहून रेल्वेने टिलबर्गला येऊन पुढे बस घेता येते. टिलबर्ग आणि डेन बॉश यांना जोडणारी बस थेट एफ्टेलिंगच्या दारात थांबते. अशा दिवशी मोटारीपेक्षा बस बरी, कारण रात्री वाहनतळावरून सगळे एकाच वेळी बाहेर पडतात.

रानवाट:

टिलबर्गकर यांच्याशी मी सहमत आहे. काय जाणून घ्यावे, याविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण हा माझ्या अत्यंत जिव्हाळ्याचा विषय आहे.

एफ्टेलिंगची सुरुवात रोलर कोस्टरने झाली नाही. १९३५ मध्ये स्थानिक धर्मगुरूंच्या पुढाकाराने येथे खेळाचे आणि फिरायचे एक साधे उद्यान झाले होते. १९५० मध्ये त्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि दोन वर्षांनी चित्रकार अँटन पीक यांच्या रेखाटनांवरून दहा परीकथांचे वन उभे राहिले. पीक यांनी चित्रे काढली, तर त्या चित्रांना हालचाल आणि आवाज देण्याचे काम पीटर रेइंडर्स या कल्पक तंत्रज्ञाने केले. वाकडीतिकडी कौले, झुकलेल्या भिंती, हाताने घडवलेले लोखंडी कोयंडे हे सारे टिकाऊ, अस्सल साहित्यातूनच व्हावे, असा पीक यांचा आग्रह होता. म्हणूनच पंचाहत्तर वर्षांनीही त्या भिंतींवरचे शेवाळ नाटकाच्या पडद्यासारखे दिसत नाही, ते खऱ्या दगडविटांवर वाढलेले असते. ते प्रतिष्ठान आजही उद्यानाचे मालक आहे, याचाही चाहत्यांना मोठा अभिमान वाटतो.

तेव्हा वाढदिवसाच्या सकाळी जुने चाहते बहुधा थेट या वनात शिरतील. तुम्हीही तिथे घाई करू नका. निद्रिस्त राजकन्येच्या किल्ल्यात दाराशीच एक पहारेकरी घोरत असतो. आत गेल्यावर राजकन्येकडे नीट पाहिले, तर श्वासागणिक तिची छाती किंचित वरखाली होताना दिसते. बहुतेक पाहुणे खिडकीशी क्षणभर थांबून पुढे जातात आणि नेमके हेच त्यांच्या नजरेतून सुटते. लाल बुटांचा चौकही चुकवू नये. १९५३ पासून तिथे बुटांची एक जोडी, आत पाय नसताना, संगीताच्या तालावर नाचते आहे. कात्सह्यूवेल ज्या पट्ट्यात येते, तो पिढ्यान्‌पिढ्या जोडे बनवणाऱ्यांचा मुलूख होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बुटांकडे स्थानिक माणसे इतक्या मायेने का पाहतात, ते उमगते.

मग उडता फकीर. तो बासरी वाजवतो, जमिनीतून ट्यूलिप वर येतात आणि नंतर तो गालिचावर बसून एका मनोऱ्यातून दुसऱ्या मनोऱ्याकडे उडत जातो. पूर्वेकडच्या फकिरासमोर हॉलंडची फुले उमलवण्याची ती कल्पना मला अतिशय लोभस वाटते. आणि मुलीसोबत जाल त्या दिवशी हातात कागदाचे कपटे जरूर ठेवा. होले बोले खाइस नावाचा लठ्ठ खादाड १९५९ पासून तोंड उघडून "कागद इकडे" असे ओरडतो आहे. कागद तोंडाशी नेला की तो ओढून घेतो आणि आभार मानतो. येथील मुले त्याला भरवण्यासाठी बागेतला कचरा शोधून आणतात. स्वच्छतेचा इतका प्रेमळ धडा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

नाशिककर_डेन_बॉश:

वडीलधाऱ्यांच्या फेरीविषयी सांगतो. प्रवेशद्वारापाशी चाकांची खुर्ची भाड्याने मिळते. चालायला त्रास नसला तरी अंतरे मोठी आहेत, तेव्हा संकोच करू नये. वाफेची गाडी उद्यानातून फिरवून आणते आणि तळ्यातल्या गोंडोलेटा नावाच्या नावा अगदी संथ चालतात. दोन्ही ठिकाणी निवांत बसता येते.

त्यांना 'भारतीय जलकमळे' अवश्य दाखवा. १९६६ मध्ये सुरू झालेला हा देखावा बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेल्या परीकथेवर बेतलेला आहे. तळ्यात नाचायला उतरलेल्या तारकांची कमळे होतात, अशी ती गोष्ट आहे. आपल्या ओळखीचा भारत त्यात शोधू नये, पण अंधाऱ्या दालनात कमळे उघडतात आणि बेडूक वाद्ये वाजवतात, तेव्हा माझी आई अक्षरशः लहान मुलीसारखी हरखून गेली होती.

खाण्याचे म्हणाल तर बटाट्याच्या तळलेल्या काड्या सर्वत्र मिळतात. मात्र पॉफर्च्येस म्हणजे छोट्या गुबगुबीत धिरड्यांत आणि मेयोनीजमध्ये साधारणपणे अंडे असते, हे सासूबाईंना आधी सांगून ठेवा. आम्ही दशम्या आणि चटणी घरूनच नेतो.

जुना_पाहुणा:

वर बरेच चांगले लिहिले गेले आहे. मी फक्त वर्धापनदिनांविषयी आणि चाहत्यांच्या मनाविषयी लिहितो.

एफ्टेलिंगचे मोठे वाढदिवस एखाद्या नव्या निर्मितीशी जोडलेले असतात. साठाव्या वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, अक्वानूरा हा तळ्यावरचा भव्य कारंज्यांचा खेळ सुरू झाला आणि पासष्टाव्या वर्षी सिम्बोलिका हा राजवाडा उघडला. चाळिसाव्या वर्षासाठी ड्रोमफ्लुख्त ही परीलोकातली सफर तयार व्हायची होती, परंतु यंत्रणेच्या अडचणींमुळे ती १९९३ मध्ये सुरू झाली. रुड बोस यांचे त्या सफरीचे संगीत आता जवळपास प्रत्येक चाहत्याला पाठ आहे. जाण्यापूर्वी ते एकदा शांतपणे ऐका. रांगेत उभे असताना कोणीतरी ते गुणगुणू लागेल आणि तुम्हालाही सूर ओळखीचा वाटेल.

सत्तरावे वर्ष मात्र वेगळे होते. त्याच वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, स्पोकस्लॉट हा १९७८ पासूनचा झपाटलेला किल्ला कायमचा बंद झाला. टोन फान दे फेन यांनी रचलेला तो देखावा अनेकांना संथ आणि जुनाट वाटे, रांगही फारशी नसे. तरीही शेवटच्या दिवसांत लोक दुरून दुरून निरोप द्यायला आले होते. आजोबांचा हात घट्ट धरून आत गेलेली मुले आता स्वतःच्या मुलांना घेऊन आली होती. मी तिथे होतो आणि एका यंत्रचालित देखाव्यासाठी प्रौढ माणसांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले आहे. त्या जागी ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी दांस माकाब्र सुरू झाले. फ्रेंच संगीतकार सँ-साँस यांची जी रचना जुन्या किल्ल्यात वाजत असे, तिच्यावरच नव्या देखाव्याचे नाव आणि संगीत बेतले आहे. नवे काम उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु तुमच्या गटात जुन्या किल्ल्याचे चाहते असतील, तर "आता किती सुधारणा झाली" असे सहज बोलून जाऊ नका. त्यापेक्षा "तुम्ही तो पहिल्यांदा कधी पाहिला?" असे विचारा. त्यांच्या आठवणी ऐकल्याशिवाय या दिवसाचा अर्थ पुरता कळत नाही, असे मला मनापासून वाटते.

संध्याकाळी थकून लवकर परतू नका. चाहते शेवटी अक्वानूराच्या काठावर जमतात. बेडूकराजाच्या तोंडून पाण्याची पहिली धार उडण्यापूर्वी जागा धरून ठेवलेली बरी.

आइंडहोवनवासी:

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. शाळेचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. शनिवारी, २९ मे रोजी, घरच्यांसोबत आणि सोमवारी सहकाऱ्यांसोबत जाण्याचे आम्ही नक्की केले आहे. उद्यानाचा वाढदिवस म्हटल्यावर हात हलवत कसे जायचे, असे सासूबाईंचे म्हणणे असल्याने त्या गटासाठी बेसनाचे लाडू करून देणार आहेत. येथील रीतीला ते धरून होईल का?

रानवाट:

अगदी धरून होईल. डच लोक वाढदिवसाला उत्सवमूर्तीइतकेच तिच्या घरच्यांचेही अभिनंदन करतात, तेव्हा सकाळी भेटताच प्रत्येकाचे अभिनंदन करा आणि डबा पुढे करा. फक्त लाडवांत काजू-बदाम किंवा बेदाणे असतील, तर ते डच भाषेत चिठ्ठीवर लिहून झाकणावर चिकटवा, कारण येथे सुक्या मेव्याच्या ॲलर्जीबाबत लोक फार दक्ष असतात. मे अखेरीस ऊन चढले तर तूप सुटते, म्हणून डबा पिशवीच्या तळाशी ठेवा आणि लाडू दुपारच्या आत वाटून टाका.