कॉइलिंगनंतर डोळा लालभडक: गोळ्या बंद करायच्या का?

प्रश्न (इंदूर): काकूंच्या मेंदूतला अ‍ॅन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) फुटला होता, तो बंद करायला कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) आणि स्टेंट (रक्तवाहिनीतली जाळीदार नळी) बसवलं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या) चालू. आज डाव्या डोळ्याचा पांढरा भाग लालभडक. दुखत नाही, दिसतंय नीट. गोळ्या थांबवू?

राजवाडेकर: अजिबात नको! स्टेंटमध्ये गुठळी झाली तर थेट पक्षाघात. हे वरच्या पातळ आवरणाखालचं रक्त असावं. दोन-तीन आठवड्यांत पिवळसर होत जिरतं. रक्तदाब मात्र आजच मोजा आणि न्यूरोच्या डॉक्टरांना कळवा.

पलासियावाला: फुटला होता ना? मग थेंब घालून, बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा तपासून घ्याच. डोक्यातला दाब एकदम वाढला की डोळ्याच्या आतही रक्त उतरतं, म्हणजे टर्सन सिंड्रोम. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, आत धूसर किंवा काळे ठिपके. अर्धवट शुद्धीतला पेशंट सांगणार कसा? पडदा दिसत नसेल तर बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी. साधारण तीन महिन्यांत निवळलं नाही तर व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला रक्त मिसळलेला जेलीसारखा भाग काढायची शस्त्रक्रिया). दोन्ही डोळ्यांत असेल तर आधीच.

राजवाडेकर: बरोबर. आणि डोळा पुढे आला, एकाचे दोन दिसू लागले किंवा डोक्यात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं-सूं ऐकू आलं, तर सकाळची वाट बघू नका, इमर्जन्सी गाठा.