रापणीच्या गोष्टीत खलनायक हवाच का?

किनाऱ्यावरचा (धागा सुरू करणारा):
यंदा शिमग्याला वाडीतल्या पोरांसाठी एकांकिका लिहिली. दोन भाऊ. थोरला रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यावर. धाकट्याने कर्ज काढून पर्ससीनची, म्हणजे मासळीचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची, बोट घेतलेली. पहिल्या खर्ड्यात धाकट्याला मी सरळ लोभी करून टाकला होता. तालमीत पाच मिनिटांत पोरं मोबाईल काढून बसली. चूक कोणाची हे पहिल्याच वाक्याला कळल्यावर पुढे ऐकायचं काय?

मग सगळी नव्याने लिहिली. थोरला म्हणतो, "दोरीक ज्येचो हात लागलो, तेका वाटो." रापण ओढायला म्हातारी येवो की शाळा सुटलेलं पोर, मासळीचा वाटा मिळतो. त्याच्या लेखी समुद्र अख्ख्या वाडीचा. धाकटा म्हणतो, "तुझ्या वाट्यान बापाशीचा कर्ज फिटणा नाय." खलाशांची घरं त्याच्या बोटीवर चालतात. राज्य सरकारच्या 2016 च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मिळाले, बँकेचा हप्ता मात्र बारा महिने. दोघंही खरंच बोलतात. या वेळी तालमीत कोणी हललं नाही.

माझं मत असं की दोन चांगल्या गोष्टींतली एक हातची सोडावी लागते, तिथे गोष्टीला अर्थ येतो. वाईट माणूस हरला तर टाळ्या पडतात, पण घरी जाताना सोबत काही येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

जुना तांडेल:
पटत नाही. मी बारा वर्षं पर्ससीनवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, होतो. समुद्रात कोणी मूल्यासाठी भांडत नाही. डिझेल किती जळलं, बांगडा लागला की नाही, हप्ता कधी, एवढंच डोक्यात असतं. मूल्यं तुम्ही लिहिणारे मागाहून चिकटवता. पोटाच्या भांडणाला मोठी नावं दिली की ज्याचं पोट आहे तो माणूसच गोष्टीतून गायब होतो. रापणवाल्यांबद्दल मला राग नाही, पण तुमचा थोरला भाऊ जरा जास्तच देवमाणूस झालाय.

देवगडची माहेरवाशीण:
माझा आक्षेप वेगळा आहे. गोष्टीला संघर्ष लागतोच, हे कोणी ठरवलं? पावसात वीज गेली की आजी चुलीपाशी गजाली सांगायची. कोणाच्या बागेत देवचार दिसला, कोणाची म्हैस खाडी पोहून परत आली. त्यात कोणाचं कोणाशी वैर नव्हतं. मला त्या अजून आठवतात, आजीच्या आवाजासकट. अर्थ सांगण्याच्या ढंगात असतो, माणसांच्या जिव्हाळ्यात असतो. प्रत्येक गोष्टीची कोर्टातली केस करू नका.

रात्रीचा राजा:
मी दशावतारात वीस वर्षं स्त्रीपार्टी केली, म्हणून सांगतो. आमच्याकडे संवाद कागदावर नसतात. आख्यान ठरतं, पात्रं ठरतात, बाकी सगळं समोरासमोर. समोरचा नट नुसता दुष्ट उभा राहिला, तर शब्द दहा मिनिटांत संपतात आणि पेटीवाल्याला सूर धरून बसावं लागतं. पण विभीषण आणि कुंभकर्ण घ्या. रावण चुकला हे दोघांनाही मान्य. एक धर्मासाठी भाऊ सोडतो, दुसरा भावासाठी मरायला जातो. यावर दोन चांगले नट पहाट करतील.

एका जत्रेत मी कुंती होतो. युद्धाच्या तोंडावर ती कर्णाकडे जाते. तो म्हणतो, अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही, तुझे पाच पुत्र पाचच राहतील. मी पदर तोंडाशी धरून वळलो, तर पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "तेका तेव्हाच कित्याक नाय उचललंस गे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पखवाजही थांबला. ती म्हातारी रडत होती, पण कर्णासाठी की कुंतीसाठी, ते मला आजवर कळलेलं नाही.

जुना तांडेल:
कुंतीला लाज राखायची होती. तेही पोटासारखंच, नड आहे. मूल्य कुठे आलं?

किनाऱ्यावरचा:
तांडेल, नड आणि मूल्य इतकी वेगळी काढता येतात का? धाकट्याला नुसते पैसे हवे असते तर तो बोट विकून मुंबईला गेला असता. बापाने घेतलेला शब्द मोडायचा नाही, म्हणून तो हप्ता भरतो. थोरल्याबद्दल मात्र तुमचं खरं आहे, तो फार धुतलेला झालाय. त्याला वाट्याचा अभिमान आहे, आणि त्या अभिमानापायी स्वतःच्या मुलीची फी थकलीय, असं काहीतरी यायला हवं. आज रात्री बसतो.

गजालींबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. म्हैस खाडी पोहून आली ही गोष्ट मलाही आवडली, आणि ती कशामुळे आवडली ते माझ्या मांडणीत बसत नाही.

देवगडची माहेरवाशीण:
त्या दोघांची आई कुठे आहे तुमच्या एकांकिकेत? दोन्हीकडची मासळी एकाच आडाळ्यावर (विळीवर) कापणारी तीच असणार.

किनाऱ्यावरचा:
आई नाही लिहिली. लिहायला हवी होती.

जुना तांडेल:
एक सांगतो, हवं तर वापरा. एकदा रात्री आमच्या बोटीच्या पंख्यात कोणाचं तरी जाळं अडकलं. वारा सुटलेला, बोट खडकाकडे सरकत होती, वर सगळे खलाशी. मी कापायला सांगितलं. उजाडल्यावर पंख्याला राहिलेला तुकडा वर घेतला, त्याला निळ्या रंगाचा बोया, जाळं तरंगतं ठेवणारा, होता. आमच्या घरात तसे रंगवायचा तो फक्त माझा चुलतभाऊ. नुकसान भरून दिलं, त्याने पैसे घेतले. पण त्यानंतर गणपतीला आमच्या घरी आला नाही.

मी अजूनही म्हणतो, ते पोटासाठीच होतं. पण तो बोया मी टाकला नाही. पडवीत खुंटीला आहे.