नागपुरात पोरांना पाण्यात आणि रानात कुठे न्यायचं?

नमस्कार मंडळी,

जुलैत पाच आठवडे माहेरी, नागपूरला जातेय. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ची. इथे घरामागच्या पार्कात जमिनीतून कारंजी उडतात. दोघं त्यात तासन्‌तास भिजतात आणि मग ओल्या बुटांनीच ट्रेलवर पळतात. आईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, अंगण नाही. मागच्या खेपेला सगळे दिवस मॉलमध्ये गेले, त्याची रुखरुख अजून आहे. आजीलाही सोबत नेता येईल अशी शहरातली जागा सांगाल का?

--------

ताई,

जुलैत जाताय हे फार बरं. मे महिन्यात पारा ४५च्या घरात असतो, सकाळी नऊनंतर पोरांना बाहेर काढवत नाही.

पहिल्यांदा सेमिनरी हिल्स. मी धरमपेठेत वाढलो, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला झुकणार, पण पाऊस पडून गेल्यावर त्या टेकडीसारखी जागा शहरात दुसरी नाही. सकाळी सहा-साडेसहाला पोहोचा. मोरांचा आवाज येतो, नशीब असेल तर दिसतोही. पावसावाऱ्याने सागाचे कोवळे शेंडे खाली पडलेले असतात. त्यातलं एखादं पान मुलांच्या हातात द्या आणि तळव्यांवर जोरात चोळायला सांगा. हिरव्या पानातून लालभडक रंग उतरतो. आम्ही पोट्टे तिथून परतायचो ते लाल हात घेऊनच, आणि आई दारातच ओळखायची कुठे गेलो होतो ते. तिथल्या बालोद्यानातल्या ‘वनबाला’ या छोट्या रेल्वेत आमची अख्खी पिढी बसली आहे. आजींना चालणं जमत नसेल तर जवळच जपानी गार्डन आहे, तिथे निवांत बसता येईल.

मुलगा सायकल चालवत असेल तर अंबाझरीचं जैवविविधता उद्यान. वनविभागाचं आहे, तलावाला लागून साडेसातशे हेक्टरांच्या आसपास गवताळ रान. भाड्याने सायकली मिळतात. फक्त पाऊस झाल्यावर तिथली काळी माती बुटाला अशी धरते की दहा पावलांत बूट दुप्पट जड होतो. रबरी सँडल न्या आणि गाडीत जुनं धोतर ठेवा, पाय पुसायला.

गोरेवाड्याचं प्राणी उद्यान २६ जानेवारी २०२१ला सुरू झालं. बसमधून सफारी असते, आजींना तेच सोयीचं. सोमवार टाळा.

--------

काकांनी सगळं छान सांगितलं. मला फक्त पाण्याबद्दल बोलायचंय.

अंबाझरी भरला की सांडव्यावरून पाणी पडतं आणि ते बघायला अख्खं नागपूर लोटतं. तुमची पोरं हट्ट करतील. लांबून दाखवा, काठावर नेऊ नका. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे हाच तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या माहेरच्या गल्लीत कंबरेइतकं होतं. आईचा तांदळाचा डबा अंगणातून तरंगत गेला, तो समोरच्यांच्या जिन्यात सापडला. तेव्हापासून त्या पाण्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते. फुटाळा तलावालाही पायऱ्यांवर शेवाळ असतं, पोरांचा हात सोडू नका.

डुंबायचंच असेल तर अमरावती रस्त्याने बाहेर पडा, तिकडे वॉटर पार्क आहे. मधल्या वारी जा, रविवारी गर्दीत पोर हरवायची भीती. आणि खरं सांगू का, पावसात बिल्डिंगची गच्ची द्या त्यांना. पन्हाळीखाली उभी राहिली की तासभर हलणार नाहीत.

--------

मंडळी,

परत आलो. आधी कळवायला हवं होतं, पण जेट लॅग आणि शाळा एकदमच सुरू झालं.

गच्चीचा सल्ला पहिल्याच आठवड्यात कामी आला. वहिनी, पन्हाळीखाली तासभर नाही, दीड तास! वॉटर पार्कला गेलोच नाही, कोणी मागितलंही नाही. अंबाझरीत मुलाची सायकल दोनदा चिखलात रुतली. ती उपसून काढताना तो इतका खूश होता की मी ओरडले नाही.

सेमिनरी हिल्सला मात्र चार वेळा गेलो. पहिल्या दिवशी सागाचं पान मिळालं, पण धाकटीला काही जमेना. नुसता हिरवा चोथा. आजी छत्री घेऊन बाकावर बसली होती. तिने पान मागून घेतलं, छत्री माझ्याकडे दिली, पानावर थोडं पाणी शिंपडलं आणि दोन्ही तळव्यांत चोळलं. ६८ वर्षांची माझी आई, हे तिला येतं हे मला माहीतच नव्हतं. मग तिने नातीचे हात धरून तिच्याकडून करून घेतलं.

येताना फुटाळ्याला भुट्टे घेतले. गाडीवाल्या बाईंनी लिंबू-मीठ चोळता चोळता विचारलं, ‘मेंदी लावली काय वो?’ धाकटीने दोन्ही तळवे उघडून पुढे केले आणि शेजारी आजीनेही.