प्रेम, जादू, तलवार: मराठवाड्यातल्या वाचकांनो, खरं काय ते सांगा

प्रेमकथा, अद्भुतकथा आणि ऐतिहासिक कादंबरी. या तिन्हींबद्दल आपण चारचौघांत एक बोलतो आणि एकटे असताना वेगळंच वाचतो. ऐतिहासिक कादंबरी शोकेसमध्ये, प्रेमकथा उशीखाली, आणि जादूची पुस्तकं म्हणजे 'पोरांची'. ही प्रतवारी कोणी लावली कोण जाणे. म्हणून आग्रहाचं आमंत्रण: काय वाचता, का वाचता, काय अर्ध्यात टाकलं, लिहा. सगळं कथानक सांगत बसू नका. 'अप्रतिम' आणि 'खिळवून ठेवणारी' यांना बंदी. भांडण चालेल, पण पुस्तकावरून.

सुरुवात मीच करतो. मी संभाजीनगरचा. ऐतिहासिक कादंबरीत मला लढाईपेक्षा मुक्काम आवडतात. फौज कुठं उतरली, दाणावैरण कुठून आली, पैसा कोणी उभा केला? हे ज्याला सांगता येतं त्याच्या तलवारीवर माझा विश्वास बसतो. बाकीच्यांच्या कादंबऱ्यांत घोडे दमतच नाहीत.

उदगीर, खत-बियाणांचं दुकान

मुक्कामाचा विषय काढलात म्हणून लिहायलोय. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ ला आली. माझ्यासारखा उदगीरकर ती वाचून शेवटाबद्दल कमी आणि सुरुवातीबद्दल जास्त बोलतो. १७६० च्या सुरुवातीला भाऊसाहेबांनी, म्हणजे सदाशिवरावभाऊ पेशव्यांनी, निजामाला नमवलं ते आमच्या उदगीरच्या मोहिमेत. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा इकडंच वाजल्या. मग मार्चमध्ये पडदूरला, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या आपल्या परतूरला मसलत झाली आणि भाऊ तिथून उत्तरेला निघाले. शाळेत १४ जानेवारी १७६१ तेवढी पाठ करून घेतली. ती फौज आपल्या शिवारातून गेली हे कोणी सांगितलं नाही. परवा परतूरवरून एसटीनं येताना हे सगळं बायकोला सांगत होतो. ती म्हणाली, "अहो, कंडक्टर सुट्टे मागायलाय, ते द्या आधी."

लातूर, नीटची तयारी

मी प्रेमकथा वाचते. मोबाईलवर, रोज एक भाग. हसायचं ते हसून घ्या. दिवसभर फिजिक्स झालं की रात्री मला असं काहीतरी पाहिजे असतं ज्याच्या शेवटी चार पर्याय नसतात.

नायक ठरलेला: कंपनीचा मालक, राग नाकावर, गाडी काळी. नायिका गरीब पण स्वाभिमानी. लग्न आधी, तेही बहुतेक करारावर सही करून, आणि प्रेम नंतर. भाग कुठं तोडायचा हे त्या लेखिकांना बरोबर कळतं. त्यानं तिचा हात धरला, बेल वाजली, दार उघडलं, दारात बघते तर... पुढचा भाग उद्या, नाहीतर कॉइन टाका. खाली कॉमेंटमध्ये बायका लिहितात, 'ताई, आज भाग लहान टाकलात, बाळ आजारी आहे का?' छापील पुस्तकाच्या लेखकाला असं कोण विचारतं हो?

तक्रार एकच. नायक पुण्याचा, मुंबईचा, नाहीतर थेट दुबईचा. लातूरचा एकही नाही. आमच्याकडं काय प्रेम होत नाही का? टँकरच्या रांगेत घागरी सरकवता सरकवता जमलेलं मी माझ्या डोळ्यानं पाहिलंय. आई विचारते, "काय वाचायलीस?" मी म्हणते, बायोलॉजी. ते अगदीच खोटं नाही.

पैठण, वकिली

अद्भुत म्हणजे परदेशातून आलेला माल, असं समजणाऱ्यांसाठी लिहितो. गुणाढ्याची 'बृहत्कथा' सातवाहनांच्या दरबारातली, म्हणजे परंपरेनं आपल्या पैठणची. 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेत, सात लाख श्लोक. राजानं नाक मुरडलं. गुणाढ्य रानात गेला, अग्नी पेटवला आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकत बसला. हरणं, डुकरं, रेडे, सगळी जनावरं चरायचं सोडून ऐकत उभी. इकडं राजाच्या ताटात वाळकुडं मांस यायला लागलं, आचाऱ्याला जाब विचारला, आचाऱ्यानं शिकाऱ्यांवर ढकललं, आणि चौकशी फिरत फिरत त्या जाळापाशी पोचली. राजा धावला तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. मूळ ग्रंथ आज कुठंच नाही. उरलेल्या कथेचा धागा धरून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं संस्कृतात 'कथासरित्सागर' रचला. लहानपणी 'चांदोबा'त खांद्यावर लटकलेला वेताळ आपण वाचला, तो त्याच सागरातला.

मला यातलं जेवणाचं प्रकरण सगळ्यात खरं वाटतं. राजाला साहित्याची आठवण ताटावरून झाली! आजच्या जादूच्या कादंबऱ्यांत मी हेच शोधतो. जादू झाली की कुणाच्या तरी घरात भाकरीचा प्रश्न उभा राहिला पाहिजे. नुसता उजेड पडून उपयोग नाही.

आणि प्रेमाचं म्हणाल तर हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' आहेच. माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. शेतातलं प्रेम, नदीकाठचं प्रेम, नवरा परगावी गेलेला. लातूरच्या ताईंनी जरूर वाचावी. करारावर सही कुठंच नाही.

जालना

पैठणकर, पैठणीचं श्रेय घेतलंत, आता वेताळही घ्या. आम्हाला मोसंबी राहू द्या.

वसमत, हायस्कूल शिक्षक

माझं मत: मराठीत भूत चांगलं जमतं, जादूगार जमत नाही. नारायण धारपांचा वाडा मला खरा वाटतो, कारण त्यातली ओसरी, विहीर, कंदील आपले. आधी घर पटतं, मग त्यात काहीही शिरू द्या. नाथमाधवांची 'वीरधवल' ही अद्भुत कादंबरी शंभर वर्षांहून जुनी, तिची भाषा जड, पण मला तिच्यात मजा आली. मला मिळालेल्या प्रतीची पहिली पानंच नव्हती, तरी काही अडलं नाही.

अनुवादांचं मात्र जमत नाही. 'अरे देवा, हे किती विलक्षण आहे!' असं दहा वर्षांचं पोरगं बोलतं का कुठं? आमच्या वर्गातलं पोरगं 'आयला' म्हणेल. ड्रॅगन मला चालतो, ड्रॅगननं शासकीय परिपत्रकासारखं बोललेलं चालत नाही.

परभणी, बँकेत नोकरी

'स्वामी' (१९६२) मी अकरावीत वाचली. रमा-माधवावर जीव जडला. रणजित देसाईंचं गद्य कानाला गोड, आजही आहे. मागच्या वर्षी लेकीनं वाचायला घेतली म्हणून मीही परत उघडली. शेवटी थेऊरला माधवराव पेशवे वारतात, १७७२ साल, आणि रमाबाई सती जातात. लेकीनं पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आई, हे इतकं सुंदर का लिहिलंय?"

इतिहासात घडलं ते घडलं, लेखक ते पुसू शकत नाही. पण आगीलासुद्धा अत्तर लावायचं का, हा तिचा प्रश्न मला रास्त वाटतो. ऐतिहासिक कादंबरीतल्या बायका फार ओवाळतात. हिशेब ठेवणाऱ्या, कर्ज फेडणाऱ्या, गढीवर एकटीनं माणसं राखणाऱ्या बायकाही असतीलच ना? तरी 'स्वामी' कपाटात आहे आणि राहील.

दौलताबाद, गाइड

आमच्याकडं पर्यटक कादंबरी वाचून येतात किंवा सिनेमा बघून. किल्ल्यातल्या अंधेरीत, म्हणजे अंधाऱ्या भुयारात, शिरलं की एखादा मला सांगतो, इथं अमका सरदार असा म्हणाला होता. मी म्हणतो, साहेब, तो संवाद लेखकाचा, अंधार तेवढा खरा. ना. सं. इनामदारांनी औरंगजेबावर 'शहेनशाह' लिहिली, त्यासाठी मला त्यांचा आदर आहे. ज्याच्यावर राग आहे त्याच्या डोक्यात शिरून लिहायला छाती लागते.

पण मला वाचायचाय तो मलिक अंबर. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० च्या सुमारास खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. शहराला पाणी दिलं ते नहरीनं. १६२६ ला गेला, कबर खुलताबादला. एवढा मसाला आहे आणि मी वाचलेल्या कादंबऱ्यांत तो दोन पानं येतो, मान डोलावतो, जातो.

लातूर, नीटची तयारी

गाइड काका, यात राग नाकावर असलेला नायक आहे, स्वतःचं शहर आहे. फक्त काळी गाडी नाही. लिहा तुम्हीच, रोज एक भाग टाका.

अंबाजोगाई, निवृत्त प्राध्यापक

'मृत्युंजय' (१९६७) बद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण, जो तो आपल्या तोंडानं बोलतो. अडचण अशी की सगळे एकाच सुरात, एकाच अलंकारात बोलतात. वर्गात हे म्हटलं की पोरं चिडायची. मला ती चीड आवडायची.

धाराशिव जिल्हा, गावातलं वाचनालय, 'ड' वर्ग

आमच्या रजिस्टरवरून सांगतो. सगळ्यात जास्त बाइंडिंग तुटतं ऐतिहासिक कादंबऱ्यांचं, कारण त्या जाड आणि घरभर फिरतात. प्रेमकथा वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत येतात, म्हणजे आमचा खर्च वाचतो. बायका पोराच्या हाती चिठ्ठी पाठवतात: 'मागच्या वेळेसारखं द्या.' मी देतो, नाव विचारत नाही. 'ययाति' पुरुष ज्ञानपीठ म्हणून नेतात आणि परत देताना 'शर्मिष्ठा बिचारी' म्हणतात. बायका देवयानीची बाजू घेतात. याच्यावर काउंटरपाशी एकदा चहा थंड झालाय.

जाता जाता. 'श्रीमान योगी' ज्यांनी मागच्या उन्हाळ्यात नेली त्यांनी आणून द्यावी. तीनजण थांबलेत. दंड घेणार नाही.