मोठा कटला मासा सुस्त असतो? मला नाही पटत

तळ्याकाठचा
शेततळेवाल्यांच्या गप्पांत एक वाक्य कायम असतं: 'मासा मोठा झाला की सुस्तावतो, खाद्य कमी करा.' खाद्याचं ठीक. पण सुस्तावतो? प्राणवायूची गरज वजनाच्या ०.८ घाताने वाढते असं धरलं, तर १० ग्रॅमची बोटुकली किलोची होईतो वजन शंभरपट वाढतं, प्राणवायूची गरज मात्र साधारण चाळीसपट. दर किलोमागे गरज घटली, कबूल. पण हा हिशेब निवांत माशाचा आणि अख्ख्या शरीराचा. मासा कापताना कातडीखाली, बाजूच्या रेषेलगत गडद पट्टी दिसते ना, तो लाल स्नायू, संथ पोहण्यासाठी. उरलेलं पांढरं मांस झेप घ्यायला, प्राणवायूची वाट न बघता ग्लायकोजेन जाळणारं. सोमेरो आणि चिल्ड्रेस या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवलं की अनेक जातींत पांढऱ्या स्नायूतल्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमची (शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन; हे प्राणवायूविना ऊर्जा काढायच्या कामातलं) ताकद दर ग्रॅममागे वजनाबरोबर *वाढते*. प्राणवायूवर चालणारी एन्झाइमं उलट घटतात. शरीर मोठं झालं तरी लांबीच्या मानाने तितकीच जोरदार झेप घ्यायची, तर जोर जास्त लागतो, असं त्यांचं म्हणणं.

पेंडकोंडा
असहमत. बोटुकलीला वजनाच्या पाच टक्के टाकतो, किलोच्या माशाला दोन, तरी पेंड उरते. पहाटे प्राणवायू उतरला की आधी मोठेच वर येऊन तोंड वासतात. एन्झाइमचं काय लोणचं घालू?

खाडीवाला
पेंडकोंडा, +१. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली हेच सांगतात: कल्ल्यांचा पृष्ठभाग शरीराच्या वाढीला पुरा पडत नाही, म्हणून वाढ मंदावते.

तळ्याकाठचा
पॉलींवर शरीरशास्त्रज्ञांनी भरपूर टीका केली आहे हो. कल्ले म्हणजे घड्यांवर घड्या, गरजेनुसार वाढू शकतात. आणि मी प्राणवायूचं बोलतच नाहीये, झेपेचं बोलतोय. जाळं ओढताना कटला कसा उसळतो, पाहिलंय ना? ट्राउटवरच्या प्रयोगांत दमवलेल्या मोठ्या माशांच्या स्नायूत लहानांपेक्षा जास्त लॅक्टेट (प्राणवायूविना ग्लायकोजेन जाळल्यावर उरणारा पदार्थ) साठलं. ते निवळायला कित्येक तास जातात.

जिरे_ते_बोटुकली
धागाकर्त्यांचा मुद्दा बरोबर, पण अर्धाच. उपाशी माशाच्या पांढऱ्या स्नायूतली हीच एन्झाइमं घसरतात. एकाच तळ्यातला मोठा मासा मोठा का? कारण त्याने दुसऱ्यांचं खाल्लं. मग फरक वजनाचा म्हणायचा की पोटभर खाण्याचा? एका वयाचे, सारखं खाल्लेले मासे तपासल्याशिवाय मी तरी नियम म्हणणार नाही. शिवाय सगळ्या जाती सारख्या नाहीत. तळाशी बसून राहणाऱ्यांना झेपेची गरजच कमी.

पेंडकोंडा
लॅक्टेटचं मात्र कामाचं सांगितलंत. म्हणजे जाळ्यात दमलेला मोठा मासा लगेच टाकीत भरायचा नाही, तासन्‌तास हाप्यात (तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवायचा. व्यापारी गाडी चालू ठेवून बांधावर उभा असतो, त्याला हे कोण सांगणार?