एलएलबीचं शेवटचं वर्ष: इंटर्नशिप, जर्नल, खटले कसे उरकावेत?

तिसरे_वर्ष:
तीन वर्षांची एलएलबी, पाचवं सत्र. लेखी विषय सगळे सुटलेत. इंटर्नशिप मात्र चारच आठवडे झाली, तीही एका कंपनीच्या विधी विभागात. खटले बघायचे राहिलेत, ड्राफ्टिंगचं (कायदेशीर मसुदे लिहिण्याचं) जर्नल कोरं. उरलेले आठ आठवडे सुट्टीत सलग केले तर चालतील का?

बाररूम:
सलग आठ नाही चालणार. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे लागतात (पाच वर्षांच्याला २०) आणि एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त धरत नाहीत. मध्ये खंड पाडून त्याच वर्षात आणखी चार धरायचे का, यावर कॉलेजं वेगवेगळं वागतात. क्लिनिकलच्या (प्रात्यक्षिक विषयांच्या) सरांकडून आजच लेखी घ्या, तोंडी होकारावर राहू नका.

दुसरं म्हणजे ट्रायल आणि अपील चालवणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी जावंच लागतं. कंपनीचं पत्र त्याला पर्याय नाही. वकिलांच्या प्रमाणपत्रावर पासून-पर्यंतच्या तारखा, सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक आणि सही-शिक्का हवा. त्या तारखा हजेरीपटाशी ताडून बघा. एकाच वेळी वर्गातही हजर आणि कोर्टातही, असं कागदावर दिसलं की व्हायवा (तोंडी परीक्षा) तिथेच अडतो. आणि इंटर्नशिपच्या नादात विषयवार ७० टक्के हजेरी घालवू नका.

जर्नलवाली:
ड्राफ्टिंगचे (दावे, अर्ज) १५ आणि कन्व्हेयन्सिंगचे (बक्षीसपत्र, मृत्युपत्र असे दस्त) १५ मसुदे, प्रत्येकी ३ गुण, म्हणजे ९०. वर १० व्हायवाचे. गाईडमधून उतरवलेलं जर्नल लगेच ओळखू येतं, कारण जुनी कलमं तशीच राहतात. सत्र न्यायालयातल्या नियमित जामीन अर्जाला आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८३ लागतं, अटकपूर्वला ४८२. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४३९ आणि ४३८ लिहिलीत तर परीक्षक पुढचं वाचतच नाहीत. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा दाखवला असेल तर आरोपाची कलमं मात्र जुन्या भारतीय दंड विधानाचीच (भादंवि) ठेवा.

दाव्यात नेहमी सुटतं ते: दाव्याचं कारण कधी आणि कुठे घडलं, अधिकारक्षेत्र, मूल्यांकन, शेवटचं सत्यापन (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी निवेदन). बक्षीसपत्रात मोबदला लिहिणारे दरवर्षी निघतात! मोबदला आला की ते बक्षीस राहत नाही. मृत्युपत्राला आणि स्थावराच्या बक्षीसपत्राला किमान दोन साक्षीदार. नोंदणी बक्षीसपत्राला सक्तीची, मृत्युपत्राला ऐच्छिक.

फौजदारी_बोर्ड:
खटले दोन बघायचे, एक दिवाणी, एक फौजदारी, मिळून ३० गुण. नवा दाखल झालेला दावा निवडू नका, समन्स बजावणीतच सत्र संपेल. न्यायालयाने वादाचे मुद्दे ठरवलेत आणि पुरावा सुरू आहे असा निवडा. सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घेऊन ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख बघत जा. फौजदारीत पोक्सो किंवा बलात्काराचा खटला नको, सुनावणी बंद दालनात होते, तुम्हाला आत सोडणार नाहीत. चेक बाउन्सची प्रकरणं भरपूर असतात, पण बरीचशी तडजोडीत मिटतात. मारहाण किंवा चोरीची बरी.

तिसरे_वर्ष:
निकाल लागेपर्यंत बसायचं? दिवाणी दावा तर वर्षानुवर्षं चालतो.

फौजदारी_बोर्ड:
नाही. वेगवेगळ्या तारखांना काय टप्पे झाले त्याची नोंद मागतात. सरतपास (साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलाने विचारलेले प्रश्न), उलटतपास, दस्ताला पुरावा म्हणून निशाणी क्रमांक पडणं, एखादा अंतरिम अर्ज. तहकुबीही लिहा, कोणी आणि का मागितली यासह. नुसतं 'पुढील तारीख' लिहिलेलं पान वाया.

जर्नलवाली:
अशिलाच्या दोन मुलाखती (१५ गुण) आणि दावा दाखल करण्याची तयारी (१५) वकिलांकडच्या त्याच आठवड्यांत बघून घ्या, वेगळा वेळ निघत नाही. डायरीत अशिलाचं नाव नको, 'वादी', 'तक्रारदार' पुरे.

बाररूम:
मूटचं (सरावासाठीच्या अभिरूप न्यायालयाचं) राहिलं. प्रत्येकी १० गुणांचे तीन, त्यात ५ लेखी निवेदनाचे. लोक फक्त भाषणाची तयारी करतात. पोशाख पांढरा शर्ट, काळा कोट, काळा टाय. बँड आणि गाऊन सनद मिळाल्यावर.